किल्ली देवापाशी, गाडी दारात

"उघड," माझा लेक म्हणाला. "किल्ली आत देवघरात हाय. माझ्याजवळ न्हाई, तुझ्याजवळ न्हाई. उघड आता."

आमचा ड्रायव्हर दिनकर ओलं फडकं हातात घेऊन गाडीकडं बघत राहिला. पोर्चमध्ये आम्ही दहा-बारा जण होतो. शनिवारी नातीचा साखरपुडा, त्यामुळं घर पाहुण्यांनी भरलेलं. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या तोंडात ब्रश, आणि सगळ्यांचे डोळे त्या एका माणसाच्या हातावर.

"उघडतंय की साहेब," दिनकर म्हणाला. "रोजच उघडतंय."

"तेच बघायचंय."

गाडी भिंतीला लागून उभी असायची. दिनकर आडवा होऊन त्या फटीत शिरला आणि त्यानं ड्रायव्हरच्या दाराचं हँडल ओढलं. टुक् झालं. कुत्र्यानं कान टवकारावेत तसे दोन्ही आरसे उघडले, आणि दार उघडलं.

"बघा!" इंदूवन्सं ओरडल्या. "वहिनी म्हणत हुती ते खरं निघालं का न्हाई?"

वहिनी म्हणजे मी.

सात वर्षं झाली या गोष्टीला, आमच्या गडहिंग्लजच्या घरातली. अजून आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं होतं असं. माझ्या आईची ठुशी होती. नातीला साखरपुड्यात घालायची म्हणून सून शोभानं ती पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून आणली. बुधवारी संध्याकाळी घरी आली तर दारात पाहुणे उतरत होते. त्या गडबडीत डबी गाडीच्या पुढच्या कप्प्यातच राहिली. गुरुवारी सकाळी बघतो तर कप्पा रिकामा. काच फुटलेली नाही, कुलूप मोडलेलं नाही, गाडीवर एक ओरखडा नाही.

"म्हणजे उघडून नेली," माझा लेक उदय म्हणाला. "आणि उघडायला किल्ली पायजे."

तेव्हा इंदूवन्संना माझी गोष्ट आठवली.

आता मला गोष्टी सांगायची खोड आहे, हे अख्ख्या गडहिंग्लजला ठाऊक. मंगळवारी आम्ही बायका लाडू वळायला बसलो होतो. हात चालतात, तोंडाला काम नको? मी ठोकून दिलं की आमच्या दिनकरनं सामानगडावर एका बैराग्याची सात वर्षं चिलीम भरली. बैरागी मरताना म्हणाला, माग काय मागायचं ते. दिनकर म्हणाला, मला कुलपं वश होऊ देत. तेव्हापासून तो नुसता हात लावतो नि दार उघडतं. बँकेच्या तिजोरीवर हात फिरवला तर आतल्या नोटा अदबीनं उठून उभ्या राहतात. बायका हसून हसून लाडवावर पडल्या.

पण त्या गोष्टीतला एक दाणा खरा होता. त्याच्या चार दिवस आधी मी पूजा करत बसले होते. गाडीची किल्ली माझ्यासमोर देव्हाऱ्यात, देवाच्या पायाशी. भिंतीपलीकडं टुक् वाजलं. खिडकीतून बघते तर दिनकरनं गाडी उघडलेली आणि आतलं पायपुसणं झटकत होता. किल्ली माझ्यापुढं आणि गाडी त्याच्यापुढं उघडी. अशी संधी माझ्यासारखी बाई सोडते होय?

तर आता त्या गोष्टीचा पुरावा झाला होता.

"दुसरी किल्ली करून घेतलीस," उदय दिनकरला म्हणाला. "कुठं हाय?"

"न्हाई हो साहेब. नवी गाडी हाय, ड्रायवरचा हात वळखत आसंल म्हनून मी..."

"हात वळखती? कुत्रं हाय का ती?"

दोन-तीन पाहुणे हसले. दिनकरनं आपणहून खिसे उलटे केले. एक कंगवा, दोन रुमाल, बायकोची औषधाची चिठ्ठी. ते सगळं त्यानं नव्या गाडीच्या बॉनेटवर मांडलं, आणि ओरखडा पडेल म्हणून कंगवा परत उचलून हातात धरला.

"उदय," मी म्हटलं, "अरे मी लाडवापाशी थापा मारत हुते. बैरागी न्हाई, चिलीम न्हाई."

"आई, दार उघडलं ते बघितलंस का न्हाई?"

"बघितलं."

"या आधी बघितलं हुतंस का न्हाई?"

बघितलं होतं.

"जलमभर खोटं सांगून खरं म्हनत आलीस. आज एकदा खरं निघालं तर खोटं म्हनतीस? जा आत."

अकरा वर्षं दिनकर आमच्याकडं होता. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा सतरा दिवस हा माणूस गाडीतच झोपला. आणि माझा लेक त्याला म्हणाला, "पोलिसात देत न्हाई, एवढंच. साखरपुडा तोंडावर हाय. चल, नीघ. आणि वडाप स्टँडवर जीपवाल्यांना मी फोन केलाय. चोराला गाडी कोन देतंय बघतो."

दिनकर निघाला. फाटकापाशी थांबून माझ्याकडं वळला.

"काकी, तुमी तरी?"

खरं सांगते. तेव्हा माझ्याही मनात आलं, याला दार उघडलं कसं? तेवढा एक क्षण मी खाली बघितलं. त्यानं ते बघितलं. गेला.

दिवसभर राग कुणावर काढायचा कळत नव्हतं. उदयवर होता, वन्संवर होता, आणि माझ्या या थापाड्या जिभेवर सगळ्यांत जास्त होता. संध्याकाळी दूधवाला सांगत आला की दिनकर वडाप स्टँडवर बसून आहे. जीपवाले त्याला चहा पाजतात, पण जीप देत नाहीत. मालक म्हणतात, तुझं मिटू दे, मग बघू.

शुक्रवारी सकाळी पूजेला बसले. हात जोडले आणि समोर ती काळी, चपटी किल्ली. बघून डोकंच फिरलं. देवाला म्हटलं, तू इथं बसून सगळं बघतोस, एवढी राखण होईना तुला? तशीच उठले, बाहेर गेले, त्या फटीत शिरले आणि रागारागानं गाडीचं हँडल ओढलं.

टुक्.

उघडली की ती!

मी बैराग्याची चिलीम कधी भरली नव्हती.

दार लावलं. आत गेले. किल्ली उचलून मागं स्वयंपाकघरात डाळीच्या बरणीमागं ठेवली. परत बाहेर. ओढलं. दगड! हलेना. परत आत, किल्ली देवापाशी. परत बाहेर. टुक्. पाच वेळा केलं. इंदूवन्संनी खिडकीतून विचारलं, "वहिनी, प्रदक्षिणा घालालाय का काय गाडीला?"

"व्हय," म्हटलं. "नवस हाय."

तशीच किल्ली घेऊन रिक्षा केली आणि बसस्टँडसमोर छत्रीखाली बसणाऱ्या नूरमहंमद किल्लीवाल्याकडं गेले. आमच्या कपाटाच्या, गोदरेजच्या, सगळ्या किल्ल्या त्याच्याच हातच्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कानस खाली ठेवली आणि किल्ली हातावर तोलली.

"काकी, जुनी किल्ली मुकी. भोकात घाला, पिळा, तवा काम. ही बोलकी हाय. तुमी दाराला हात घाटला की गाडी इचारती, किल्लीबाई, हायसा का जवळ? किल्ली म्हनती, हाय. की सुटलं कुलूप. खिशातनं काढायला नको, बटन दाबायला नको."

"आणि हात कुणाचाबी असला तर?"

"हात कोन बघतंय? तिला किल्ली जवळ पायजे. हात तुमचा, माझा, चोराचा."

"मध्ये भिंत असली तर?"

"भिंत तुमच्या आमच्या डोळ्याला. त्या दोघींचं बोलनं इटातनं जातंय. लांब न्हाई जात, दीड-दोन हात. तुमची किल्ली कुठं असती?"

मी सांगितलं. देवघराची भिंत आणि पोर्चची भिंत एकच. देव्हारा त्याच भिंतीच्या कोनाड्यात. पलीकडं ड्रायव्हरचं दार.

नूरमहंमदनं कपाळाला हात लावला. "मग गाडी रातध्याड उघडीच की वो! रस्त्यावरनं जानारा कोनबी हात घालंल नि उघडंल. तिथं किल्ली ठेवली कुनी?"



आमच्या घरची रीत आहे. नवी गाडी, नवं दुकान, नवी तिजोरी, काहीही घेतलं तरी किल्ली काम झालं की सव्वा महिना देवापाशी ठेवायची. उदय म्हणाला होता, आई, हुकाला अडकवू या, स्वयंपाकघरात. मीच रुसले होते. मीच किल्ली त्या कोनाड्यात ठेवली होती, हळदकुंकू लावून. म्हणजे बारा दिवस गाडी सताड उघडी होती, आणि ती उघडी ठेवली होती मी.

"ही बोलायची बंद कशी करायची रे?" मी विचारलं.

"लांब ठेवा. न्हाईतर लोखंडाच्या घट्ट डब्यात घाला. झाकण लावलं की दोघींचं बोलनं बंद." मग हसला. "गाडीसंगं पुस्तक मिळतंय त्यात हे सगळं लिवलंय काकी. पन ते पुस्तक पिलॅस्टिकमधनं भाईर काढतंय कोन?"

दुपारी जेवणं झाली. उदयला निपाणीला जायचं होतं, नवऱ्या मुलाचे आजोबा रेल्वेनं बेळगावात उतरून तिथवर येणार होते, त्यांना आणायला. तो निघायच्या आत मी सगळ्यांना पोर्चमध्ये गोळा केलं. गुरुवारी होते तेवढे सगळे. म्हटलं, मला सांगायचंय काहीतरी.

बायका खुशीत पायऱ्यांवर बसल्या. कुणीतरी सतरंजीसुद्धा आणली.

"गोष्ट न्हाई ही," मी म्हटलं.

"न्हाई न्हाई, सांगा की," म्हणून त्या अजून पुढं सरकल्या.

हे माझं कर्म! गोष्ट नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मोठी गोष्ट येणार. मग मी सांगायचं सोडून दिलं.

"वन्सं, उठा. गाडीचं दार उघडा."

"मी? किल्ली?"

"किल्ली देवापाशी. देवाचं नाव घ्या नि ओढा."

वन्सं फटीत शिरताना निम्म्या अडकल्या, शिव्या देत पुढं सरकल्या आणि हँडल ओढलं. टुक्. आरसे उघडले. वन्सं किंचाळून मागं आल्या. "अगं बाई! माझ्या हाताला बी आलं!"

"कुणाच्याबी हाताला येतंय," मी म्हटलं. शोभाला पाठवून किल्ली आणवली. पाहुण्यारावळ्यांत पिठाचा मोठा स्टीलचा डबा रिकामा झाला होता, तो सकाळीच पुसून बाहेर आणला होता. सगळ्यांदेखत किल्ली त्यात टाकली आणि बुक्कीनं झाकण बसवलं. "ओढा आता."

वन्संनी ओढलं. परत ओढलं. पाय रोवून ओढलं. काही नाही.

नूरमहंमदनं सांगितलं होतं ते सगळं मी सांगितलं. जसंच्या तसं. तिखटमीठ लावलं नाही. पायऱ्यांवर कुणी हसलं नाही.

उदयचं तोंड पडलं होतं, पण माझाच लेक तो. "बरं," म्हणाला. "कुणीबी उघडू शकतंय. पण म्हणून दिनकरनं न्हेली न्हाई हे कुठं ठरलं?"

तेव्हा माझं टाळकं सटकलं.

"आणि त्यानं न्हेली हे कुठं ठरलं रे? घरात बारा माणसं, मांडववाले पाच, दूधवाला, पेपरवाला, रस्त्यानं जाणारं अख्खं गाव. त्यात एकटा दिनकर कसा सापडला तुला? तो पगारी हाय म्हणून?" मी कनवटीची चंची काढली आणि त्याच्या पायापुढं झटकली. सुपारी, अडकित्ता, चुन्याची डबी घरंगळत गेली. "बघ, माझ्याकडं हाय का ठुशी. बघ! किल्ली तिथं मी ठेवली, गाडी मी उघडी ठेवली, बैरागी मी उभा केला. माझ्या नावानं कर की फोन वडाप स्टँडला!"

"आई, हळू. लोक..."

"लोकच गोळा केल्यात. त्याला लोकांत घालवलंस, लोकांत जाऊन सांग. आत्ता. स्टँडवर."

"साखरपुडा होऊ दे. सोमवारी बघतो."

"आत्ता."

"मला निपाणीला जायचंय! दे ती किल्ली."

मी डबा खाली ठेवला आणि त्यावर बसले.

उदयनं वर बघितलं, खाली बघितलं. सत्तरीच्या आईला डब्यावरून उठवायचं कसं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग त्याला आठवलं. "शोभा, कपाटातली दुसरी किल्ली आण."

शोभा आत गेली. ही माझी सून चोवीस वर्षांत नवऱ्यासमोर दोन वाक्यं सलग बोलली नसेल. बाहेर आली ती दुसरी किल्ली मुठीत घेऊन. उदयनं हात पुढं केला. ती त्याच्या शेजारून गेली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आत्या, जरा उठा."

मी उठले. तिनं झाकण काढलं, किल्ली आत टाकली, झाकण लावलं. "डबी गाडीत मी विसरले हुते," ती नवऱ्याला म्हणाली. "माझं नाव एकदाबी घेतलं न्हाईसा तुमी. त्याचं घेतलं."

मी परत बसले.

उदय चालत निघाला. मी डबा काखेत मारून मागं. घर ते स्टँड, भर उन्हात, मायलेक पुढंमागं. लोक विचारत होते, काकी, दळण का? मी म्हटलं, व्हय, बारीक दळायचं हाय.

वडाप स्टँडवर पाच-सहा जिपा उभ्या होत्या. दिनकर कडेला एका टायरवर बसला होता. आम्हाला बघून उठला, पण पुढं आला नाही.

"दिनकर," उदय त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "माझी चूक झाली. ती गाडी कुणालाबी उघडत हुती."

दिनकर त्याच्याकडं बघत राहिला. "साहेब," म्हणाला, "तवा फोनवर मोठ्यांदा बोलला हुता."

उदयच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. पण तो वळला. जीपवाल्यांकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "दिनकरनं चोरी केल्याचं मी बोललो. ते खोटं. किल्ली जवळ हुती म्हणून दार उघडत हुतं. चूक माझी."

"त्याची न्हाई नुसती," मी म्हटलं. "मी त्याच्यावर खोटी गोष्ट रचली. आणि तो जाताना मान खाली घातली. ते सगळ्यांत वाईट."

एक पोरगेला ड्रायव्हर हसला. "काकी, पुढं सांगा की. मग बैरागी काय म्हनला?"

"पुढं काय न्हाई रे मुडद्या!" मी अशी ओरडले की चहावाल्याच्या हातातलं भांडं हललं. "एवढंच हाय!"



ठुशी कुणी नेली ते कधी कळलं नाही. नात साखरपुड्याला माझ्या सुनेची मोहनमाळ घालून बसली, आणि तिचं काही अडलं नाही. पण तेव्हा, त्या उन्हात, ठुशी माझ्या डोक्यातही नव्हती. मी दिनकरकडं बघत होते.

"उद्या येतोस न्हवं कामाला?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. रागानं नव्हे. राग असता तर बरं वाटलं असतं मला.

"यायला काय न्हाई काकी. पन आता तुमच्या गाडीत बसलो की माझं रस्त्याकडं ध्यान ऱ्हानार न्हाई. माझ्याच हाताकडं बघत बसंन."

उदय काहीतरी म्हणायला गेला. मी त्याचा दंड धरला. पगार वाढवतो म्हणाला असता. ओळखते मी.

तेवढ्यात पलीकडून तुकाराम जीपवाला उठला. फोन झाल्यावर दिनकरला पहिला नाही म्हणणारा हाच. त्यानं कमरेची किल्ली सोडली आणि लांबूनच फेकली. दिनकरनं ती एका हातात झेलली.

"नेसरीची फेरी घे," तुकाराम म्हणाला. "सीटा भरत आल्यात."

दिनकर किल्ली मुठीत धरून जरा उभा राहिला. मग फडकं खांद्यावर टाकलं, जिपेकडं गेला आणि घसा खाकरून ओरडला, "नेसरी, नेसरी! एक सीट! एक सीट!"

ती सीट मी घेतली. त्याच्या शेजारची, पुढची.

"आई!" उदय धावत आला. "आई, निपाणी! आजोबा थांबलेत! किल्ली तरी दे!"

"चल दिनकर," मी म्हटलं आणि डबा मांडीवर घेतला.

दिनकरनं आधी माझ्याकडं बघितलं, मग उदयकडं. मग जीप सुरू केली.